टाच बरी होते आणि दोन महिन्यांत परत दुखते: तळपायाचा पट्टा ताणणं, फाटणं आणि माझा तीन वर्षांचा अनुभव

सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते. दहा-वीस पावलं लंगडत गेलं की ती ओसरते, तासाभरात विसरायलाही होतं. दुपारी जेवून जरा टेकलं आणि परत उठलं की पुन्हा तेच. औषध घेतलं, बरं वाटलं, दोन महिने चांगले गेले आणि एका सकाळी खिळा परत हजर. हा फेरा ज्यांच्या ओळखीचा आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

मी नागपूरला हनुमाननगरात घरगुती मेस चालवते. मेडिकल चौकाच्या आजूबाजूला खोली करून राहणारी पोरं, दोन्ही वेळचे मिळून ४५ डबे. पहाटे साडेचारला ओट्यापाशी उभी राहते ती साडेदहापर्यंत, मग परत चार ते आठ. वय ४८. तीन वर्षांत उजव्या टाचेचं दुखणं तीनदा उलटलं आणि तिसऱ्या वेळी तळव्यातला पट्टाच फाटला. मी डॉक्टर नाही. पण फाटल्यानंतर ज्या फिजिओथेरपिस्ट ताईंकडे पाच महिने गेले, त्यांनी प्रत्येक गोष्टीमागचं कारण सांगितलं. ते आधी कळलं असतं तर माझं निदान एक वर्ष वाचलं असतं.

नेमकं काय दुखतं

टाचेच्या हाडाच्या खालून, आतल्या बाजूने एक जाड, चिवट पट्टा निघतो आणि पाचही बोटांच्या मुळाशी जातो. त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. तो स्नायू नाही आणि रबरासारखा लांबणाराही नाही. दोरखंड म्हणा. पायाची कमान त्याने तोलून धरलेली असते. जे. एच. हिक्स यांनी १९५४ साली त्याच्या कामाला ‘विंडलास’ची उपमा दिली, म्हणजे आपला विहिरीवरचा रहाटच. रहाट फिरला की दोर गुंडाळतो आणि बादली वर येते. तसंच टाच उचलून आपण बोटांवर आलो की अंगठा वर वळतो, पट्टा बोटांच्या सांध्यांभोवती गुंडाळला जातो आणि कमान वर चढते. उभं राहून घरातल्या कुणाला तरी तुमचा अंगठा हाताने उचलायला सांगा. बहुतेकांच्या पायाची कमान डोळ्यांदेखत वर सरकते.

म्हणजे हा दोर प्रत्येक पावलाला ताणला जातो. रोजच्या वापरात त्याचे बारीक तंतू झिजतात आणि रोज भरूनही निघतात. झीज भरण्यापेक्षा जास्त झाली की दुखणं सुरू होतं, आणि ते बहुतेक वेळा टाचेला जिथे पट्टा चिकटलेला असतो तिथेच. रात्री झोपेत पाऊल पुढे लोंबतं, पट्टा आखूड होऊन पडून राहतो. सकाळचं पहिलं पाऊल त्याला एका दमात पूर्ण लांब करतं. पहिल्या पावलाची कळ येते ती अशी.

डॉक्टर याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात. नावातल्या ‘आयटिस’चा अर्थ दाह. पण २००३ साली अमेरिकेत ५० रुग्णांच्या शस्त्रक्रियेत काढलेले या पट्ट्याचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा दाहाच्या पेशी सापडल्या नाहीत. दिसली ती झीज आणि विस्कटलेले तंतू. मला ही माहिती फार मोलाची वाटली. दाह कमी करणाऱ्या गोळीने कळ दबते, पण झिजलेला दोर गोळीने विणला जात नाही.

एक्स-रेत टाचेखाली काटा दिसला की आपल्याकडे लगेच ‘हाड वाढलंय’ म्हणतात आणि माणूस तिथेच हबकतो. मीही हबकले होते. ज्यांची टाच जन्मात दुखली नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही तो काटा असतो. आणि बऱ्या झालेल्यांचा काटा काही नाहीसा होत नाही, तो असतोच, फक्त दुखत नाही. काट्याच्या भीतीने कुणी ऑपरेशनला घाई करू नका.

तीनदा का उलटलं

पहिल्यांदा दुखलं तेव्हा शेजारच्या काकूंनी सांगितलं तसं विटेवर रुईचं पान ठेवून शेकलं. दिवाळीच्या सुमारास दुखणं गेलं. मी सगळं श्रेय पानाला दिलं. दिवाळीत पोरं गावाला गेली होती, मेस १५ दिवस बंद होती, पायाला आराम होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. जानेवारीत परत सुरू झालं. (शेकाने बरं वाटतं, आखडलेली पोटरीही मोकळी होते, माझं त्याच्याशी भांडण नाही. मात्र रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. आणि शुगर असलेल्यांनी तापलेली वीट टाचेला लावूच नये. पाय बधिर असेल तर भाजलेलं कळतसुद्धा नाही.)

दुसऱ्यांदा बुटात घालायची सिलिकॉनची टाच आणली आणि ताणाचे व्यायाम केले. दीड महिन्यात छान वाटलं. वाटलं म्हणून दोन्ही सोडलं. पावसाळ्यात परत उलटलं. तिसऱ्या वेळी इंजेक्शन घेतलं, त्याबद्दल खाली लिहिते.

हे सगळं फिजिओ ताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी एक काम दिलं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोज सकाळी, पहिल्या पावलाला किती दुखलं ते शून्य ते दहामध्ये लिहायचं. औषध नाही, उपाय नाही, नुसता आकडा. तीन आठवड्यांनी पाहिलं तर सोमवार आणि गुरुवारचे आकडे दर आठवड्याला वर. रविवारी मेसमध्ये चिकन असतं, वाटणापासून सगळं जास्तीचं, उभं राहणं दोन तास जास्त. आणि बुधवारी मी कॉटन मार्केटला भाजी आणायला जाते, ती झिजून कागद झालेली रबरी स्लिपर घालून. त्या स्लिपरची टाचेकडची जाडी मोजली तर एक सेंटिमीटरही भरली नाही. दुखायचं दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणून आदल्या दिवसाशी त्याचा संबंध मी तीन वर्षांत कधी लावलाच नव्हता.

हा आकडा म्हणजे या दुखण्याचा सगळ्यात खरा मीटर आहे. काम करताना पाय फसवतो, कारण चालून गरम झाला की दुखत नाही. दुसऱ्या सकाळचं पहिलं पाऊल मात्र फसवत नाही. आकडा कालच्यापेक्षा वर गेला तर काल पट्ट्याला झेपेल त्यापेक्षा जास्त झालं. खाली आला किंवा तेवढाच राहिला तर चाललंय ते ठीक आहे.

आणि मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं: दुखणं थांबणं आणि पट्ट्यात बळ येणं या दोन घटना एका दिवशी घडत नाहीत. दुखणं आधी थांबतं. बळ कितीतरी मागून येतं. या मधल्या काळात आपण बरे झालो समजून चप्पल, व्यायाम, आराम सगळं सोडतो आणि पायावर पूर्वीइतकाच भार टाकतो. माझं तिन्ही वेळा या मधल्या काळातच उलटलं.

फाटलं ती दुपार

तिसऱ्या वेळी एका खाजगी दवाखान्यात टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं. दोन-तीन दिवसांत कळ नाहीशी झाली. काही आठवडे पायाला जपा, उड्या, ओझं, तासन् तास उभं राहणं टाळा, असं मला कुणी सांगितलं नाही. माझ्या पायाला दुखत नव्हतं, म्हणून मलाही विचारावंसं वाटलं नाही.

सहाव्या आठवड्यात अशोक विजयादशमी आली. आमच्या विहारातल्या बायका दरवर्षी दीक्षाभूमीजवळ भोजनदानाचा स्टॉल लावतात. लांबून, रात्र रात्र प्रवास करून आलेली माणसं, त्यांच्या पानात गरम भात पडला पाहिजे, यात कसर करायची नसते. दोन दिवस सिमेंटच्या रस्त्यावर उभी होते. दुसऱ्या दुपारी टेम्पोतून भाताचं पातेलं उतरवताना उजव्या पायाच्या चवड्यावर जोर दिला आणि तळव्यात ‘कट्’ झालं. मला ते ऐकू आलं. मागून कुणी दगड मारला असं वाटून मी वळून पाहिलं. पाय टेकवता येईना. दुसऱ्या दिवशी कमानीत निळी-जांभळी झाक उतरली, पाऊल सुजलं. टाच उचलून चवड्यावर उभं राहणं अशक्य.

ताण आणि फाटणं यातला फरक असा ओळखायचा. ताणाचं दुखणं हळूहळू वाढत जातं, सकाळी जास्त असतं, चाललं की कमी होतं, आणि टाचेच्या आतल्या कोपऱ्यात अंगठ्याने दाबलं की नेमकी जागा सापडते. फाटण्याला तारीख आणि वेळ असते. एका क्षणात होतं, कट् किंवा टक् असं जाणवतं, कमानीत सूज येते, एक-दोन दिवसांत काळंनिळं पडतं, आणि चाललं की कळ कमी न होता वाढते.

असं झालं तर त्या क्षणी काम सोडा. पायावर भार नको. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटं ठेवा, क्रेप बँडेज सैलसर बांधा, पाय उशीवर उंच. चोळायचं नाही, कुणाकडून ‘नस बसवून’ घ्यायची नाही, आणि ताणाचे व्यायाम अजिबात करायचे नाहीत. ताणलेल्या पट्ट्याला जे औषध आहे तेच ताज्या फाटलेल्या पट्ट्याला घातक आहे. माझ्या मावसबहिणीने प्रेमापोटी तेल लावून तळवा जोरात रगडला आणि त्या रात्री मी झोपले नाही. शक्य तितक्या लवकर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पट्टा अर्धवट फाटलाय की पूर्ण, ते सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये कळतं.

माझा अर्धवट फाटला होता. बहुतेक वेळा याला ऑपरेशन लागत नाही. मला तीन आठवडे गुडघ्याखालपर्यंतचा वॉकर बूट आणि कुबड्या दिल्या, मग हळूहळू कमानीला आधार देणाऱ्या पॅडसह बूट, मग व्यायाम. पूर्ण फाटलेल्या काही जणांची जुनी टाचदुखी चक्क थांबते, कारण ताणणारा दोरच उरत नाही. पण कमान बसते आणि पुढे पावलाच्या बाहेरच्या कडेला दुखायला लागतं. तेव्हा ‘फाटलं तर सुटलो’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने कळ काही आठवडे चांगली कमी होते, हे खरं आहे. त्याने पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो, हेही तितकंच खरं आहे. ज्यांना घ्यावंच लागतं त्यांनी डॉक्टरांना तोंडाने विचारावं: किती दिवस जपायचं, सोनोग्राफीत बघून देणार का? आधी किती इंजेक्शनं झालीत तेही सांगावं. माझ्या बाबतीत दुखण्याचा पहारेकरी झोपला आणि मी अशक्त दोरावर पातेलं तोललं.

आता मी काय करते

सकाळी डोळे उघडले की पाय खाली सोडत नाही. पलंगावरच बसून उजवं पाऊल डाव्या मांडीवर घेते, हाताने पाचही बोटं, विशेषतः अंगठा, नडगीकडे ओढते. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळव्यात चाचपलं की ताठलेली दोरी लागते. ती लागली म्हणजे ताण बरोबर बसलाय. दहापर्यंत मोजून सोडायचं, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा, त्यातलं एक पहिल्या पावलाआधीच. बराच वेळ बसून उठायच्या आधीही मी दोन-तीनदा ओढून घेते. पोटरीसाठी भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, ३० सेकंद गुडघा सरळ ठेवून आणि ३० सेकंद किंचित वाकवून. पोटरी आखडलेली असेल तर ती टाचेला वर खेचते आणि पट्ट्यावर ताण पडतो, म्हणून ती सोडवायची.

यापेक्षा अवघड होती चप्पल. आपण सगळ्या बायका स्वयंपाकघरात अनवाणी. खाली टाईल्स किंवा कोटा फरशी, दगडासारखी कडक, आणि त्यावर आठ-दहा तास. फिजिओ ताई म्हणाल्या, घरात चप्पल घातल्याशिवाय बाकीच्या व्यायामांचा फायदा अर्धाच मिळेल. सासूबाईंना हे पटेना. “अन्नापाशी चप्पल कायले घालते?” मलाही आतून ते चुकीचंच वाटत होतं, ४८ वर्षांची सवय. मग एक नवा जोड आणला जो उंबऱ्याबाहेर कधीच जाणार नाही, रात्री धुऊन ओट्याच्या बाजूच्या खुंटीला टांगायचा. बाहेरचा धुळीचा जोड आणि हा जोड यांची गाठसुद्धा पडत नाही. दोन महिन्यांनी सासूबाई स्वतःच म्हणाल्या, “मलेबी एक जोड आणजो.”

बर्डीवर, म्हणजे आमच्या सीताबर्डीच्या बाजारात, चप्पल घ्यायला गेलात तर ‘डॉक्टर चप्पल’ या नावावर जाऊ नका. हातात घेऊन दोन्ही टोकांकडून वाकवा. बोटांपाशी वाकली पाहिजे, मधोमध घडी पडता कामा नये. फडकं पिळावं तशी पिळून पाहा, सहज पिळली गेली तर ठेवून द्या. टाचेकडे जरा उंच, कमानीखाली भराव हवा. बोट दाबलं की खाली टेकेल इतकी मऊ चप्पल दुकानात छान वाटते, आठवड्याने बसते. मी एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबराची घेतली आणि तिची टाच एका बाजूने झिजली की बदलते. हिरवळीवर अनवाणी चालायचा सल्ला सगळे देतात. दुखत असताना तो नको. रेशीमबागच्या मैदानावर मीही बूट घालूनच चालते.

ओट्यापाशी एक उंच स्टूल ठेवलंय. पोळ्या लाटताना त्यावर अर्धं टेकते, भाजी निवडणं आणि डबे भरणं बसून करते. एकूण काम तेवढंच आहे, पायावरचे तास मात्र साडेतीनने कमी झाले. वजनही पाच किलो उतरलं, त्याचाही पट्ट्याला फायदाच.

आणि पायरी. ज्याने परत उलटणं थांबलं ते हेच, असं मला वाटतं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी ४८ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा, भार वाढवत टाच उचलण्याचा व्यायाम करणारे तीन महिन्यांनंतर बऱ्याच चांगल्या स्थितीत होते. वर्षअखेरीस दोन्ही गट जवळजवळ सारखे झाले, हेही सांगायला हवं. पण मेसवाल्या बाईला ते मधले महिने फार महत्त्वाचे असतात.

जिन्याच्या पायरीवर चवडा ठेवायचा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, म्हणजे अंगठा वर वळून रहाट ताणलेला राहतो. कठड्याला धरून, एका पायावर. तीन आकडे मोजत वर, दोन आकडे वर थांबा, तीन आकडे मोजत खाली. घाई केली की उपयोग जातो. १२ वेळा, असे तीन फेरे, एक दिवसाआड. मधला दिवस पट्टा भरून येण्यासाठी, तो खायचा नाही. मला आधी एका पायावर जमेना, मी दोन आठवडे दोन्ही पायांवर केलं. मग १२ सोपे जायला लागले तसं मुलीची शाळेची जुनी बॅग पाठीला लावून त्यात दोन किलो तांदूळ टाकले. वजन वाढलं की मोजणी कमी करून फेरे वाढवायचे: १०चे चार, पुढे आठचे पाच. करताना थोडं दुखतं, तेवढं चालतं. निकाल दुसऱ्या सकाळच्या आकड्याचा. फाटलेल्यांनी हे डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्यावरच सुरू करावं, मी आठव्या आठवड्यानंतर केलं.

बहुतेकांचं हे दुखणं ऑपरेशनशिवाय वर्षभरात बरं होतं. सहा महिने मनापासून करूनही आकडा हलत नसेल तर शॉकवेव्हसारखे (यंत्राने बाहेरून टाचेवर लहरी सोडण्याचे) उपचार आहेत, ते डॉक्टरांशी बोला.

दुसरंच काही असेल तर

टाचेत जळजळ, मुंग्या, बधिरपणा, आणि तो रात्री पडल्या पडल्या जास्त असेल, तर पट्ट्यापेक्षा नसेचा संशय घ्या आणि आधी शुगर तपासा. टाच दोन्ही बाजूंनी हातात धरून दाबल्यावर कळ येत असेल आणि चालण्याने वाढतच जात असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. तरुण मुलाच्या दोन्ही टाचा दुखतात, सकाळी कंबर अर्धा-पाऊण तास आखडलेली असते, अशा वेळी संधिवाताच्या डॉक्टरांकडे न्या, चप्पल बदलून ते जाणार नाही. टाच लाल, गरम, सोबत ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा.

फाटून आता ११ महिने झाले. या दसऱ्याला स्टॉलवर आम्ही दर दोन तासांनी पाळी बदलायचं ठरवलंय, आणि पातेली उतरवायला विहारातली पोरं येणार आहेत. मी बूट घालून, बसून पानं लावणार. आज सकाळी कालनिर्णयवर शून्य लिहिलं. सलग ६४वं. बॅगेत आठ किलो तांदूळ आहेत, आज पायरीचा दिवस आहे.